पेट्रोलचा दर वाढला की घराचा वाहनखर्च नेमका किती वाढतो: सोलापूरच्या कुटुंबांसाठी हिशेबाची रीत

इंधनाचे दर वाढल्याची बातमी आली की घरोघरी चर्चा होते ती लिटरमागच्या दराची. घराच्या अंदाजपत्रकासाठी मात्र त्याहून उपयोगी असा एक आकडा आहे, आणि तो फार थोड्या घरांत कोणाला सांगता येतो: घरातील सर्व वाहने मिळून महिन्याला एकूण किती लिटर इंधन जाळतात? हा आकडा एकदा हाती आला की पुढचा हिशेब तोंडी करता येतो. महिन्याला ४० लिटर लागत असतील, तर दरातील प्रत्येक रुपयाच्या वाढीने घराचा खर्च महिन्याला ४० रुपयांनी वाढतो. दर ५ रुपयांनी वाढला तर २०० रुपयांनी. त्यामुळे काळजी किती करावी आणि काटकसर कोठे करावी, हे या एका आकड्यावरून ठरवता येते.

महिन्याचे लिटर कसे काढावेत

आपल्याकडे दुचाकीत पेट्रोल भरताना लिटर न सांगता ‘दोनशेचे टाका’ असे सांगण्याची पद्धत आहे. या पद्धतीत दरवाढ डोळ्यांआड राहते. दर ९५ रुपये असताना दोनशे रुपयांत २.१ लिटर येत होते, तर १०५ रुपये दराने १.९ लिटर येते. खिशातून प्रत्येक वेळी दोनशेच जातात, फक्त पंपावरच्या फेऱ्या वाढतात, आणि महिनाअखेरीस पैसा कोठे गेला ते कळत नाही. म्हणून निदान दोन-तीन महिने तरी पावतीवरचे लिटर लिहून ठेवावेत. यूपीआयने पैसे देत असाल तर महिन्याभराची पंपावरची एकूण रक्कम काढून तिला त्या महिन्यातील दराने भागले तरी पुरेसा जवळचा आकडा मिळतो.

त्याचबरोबर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक वाहनाच्या मीटरवरील किलोमीटरची नोंद करावी. गाडीचे खरे ॲव्हरेज काढण्यासाठी टाकी पूर्ण भरावी, नोझल आपोआप बंद पडले की थांबावे, मीटरवरील आकडा लिहावा, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरून, मधल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनी भागावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. तीन टाक्यांची सरासरी भरवशाची ठरते. कारच्या पडद्यावर दिसणारे ॲव्हरेज बऱ्याच वेळा प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त असते आणि विक्रीच्या वेळी सांगितलेले ॲव्हरेज प्रयोगशाळेतील चाचणीचे असते, त्यामुळे अंदाजपत्रक त्या दोन्ही आकड्यांवर उभे करू नये.

उदाहरणादाखल जुळे सोलापुरातील एक कुटुंब धरू. घरातील एक जण मोटारसायकलने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला जातो. जाऊन-येऊन रोज २० किलोमीटर, महिन्यातले २५ दिवस, म्हणजे ५०० किलोमीटर. मोटारसायकल ५० चे ॲव्हरेज देत असेल तर १० लिटर लागले. शाळा, बाजार आणि इतर कामे यांसाठी स्कूटर ३०० किलोमीटर धावते आणि ४० चे ॲव्हरेज देते. तिला साडेसात लिटर लागले. कार महिन्याला ४५० किलोमीटर चालते, शहर आणि बाहेरगाव मिळून १५ चे ॲव्हरेज देते, म्हणजे ३० लिटर. एकूण झाले साडेसत्तेचाळीस लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी दर १०५ रुपये धरला तर महिन्याचा खर्च सुमारे ४,९९० रुपये होतो. आपण येथे आपल्या पंपावरचा आजचा दर घालावा. या घरात प्रत्येक रुपयाची वाढ म्हणजे महिन्याला ४७ रुपये ५० पैसे.

आता दुसरे उदाहरण पाहावे, कारण माझ्या मते दरवाढीची खरी झळ तेथे आहे. मोहोळहून रोज मोटारसायकलने सोलापुरात कामाला येणारा माणूस जाऊन-येऊन ७० किलोमीटर धरले तरी महिन्याला १,७५० किलोमीटर चालतो आणि ५५ च्या ॲव्हरेजनेही जवळजवळ ३२ लिटर जाळतो, म्हणजे वरच्या कुटुंबाच्या कारपेक्षा जास्त. दर दहा रुपयांनी वाढला तर त्याला महिन्याला सुमारे ३२० रुपये अधिक मोजावे लागतात, आणि यंत्रमाग कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्याच्या पगारात ही रक्कम लहान नाही. त्याचे किलोमीटर हौसेचे नाहीत. ते टाळले तर मजुरीच बुडते. म्हणून ‘गाडी कमी वापरा’ हा सरसकट सल्ला त्याच्या कामाचा नाही. त्याने एसटीच्या मासिक पासचा हिशेब करून पाहावा, ज्यात वीस दिवसांचे भाडे भरून महिनाभर प्रवास करता येतो. मोहोळ पुणे–सोलापूर लोहमार्गावर आहे, तेव्हा कामाची वेळ जुळत असेल तर रेल्वेचा मासिक पासही पाहावा. तेही शक्य नसेल तर एकाच पाळीतील दोघांनी एका मोटारसायकलवर यावे आणि पेट्रोल निम्मे-निम्मे वाटून घ्यावे. या एका बदलाने प्रत्येकाचे लिटर जवळजवळ अर्ध्यावर येतात, आणि एवढी बचत गाडीच्या कोणत्याही दुरुस्तीतून होत नाही.

दर किती वाढू शकतो, हे कसे धरावे

केंद्र सरकारने पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त केले, आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता दर ठरवण्याची पद्धत सुरू झाली. तरीही प्रत्यक्षात दर महिनोन्‌महिने स्थिर राहतात आणि मग एकदम हलतात. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीपासून साडेचार महिने स्थिर राहिलेले दर २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत लिटरमागे १० रुपयांनी वाढले होते. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क ८ रुपयांनी व डिझेलवरील ६ रुपयांनी कमी केले, जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मूल्यवर्धित करात पेट्रोलसाठी ५ व डिझेलसाठी ३ रुपयांची कपात केली, आणि मार्च २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी २ रुपये कमी केले.

यावरून घराच्या अंदाजपत्रकासाठी एक व्यवहार्य नियम काढता येतो: दर आजच्यापेक्षा १० रुपयांनी वाढला तर काय होईल, हे आधीच काढून ठेवावे. आपल्या उदाहरणातील कुटुंबाला ही वाढ महिन्याला ४७५ रुपये आणि वर्षाला ५,७०० रुपये पडेल. स्वस्ताईच्या महिन्यांत तेवढी रक्कम थोडी थोडी बाजूला ठेवली, तर अचानक आलेल्या वाढीमुळे मुलांच्या शिकवणीच्या किंवा किराण्याच्या पैशाला हात लावावा लागत नाही.

जागतिक बाजारात कच्चे तेल महाग झाले की आपला दर का हलतो, याचे कारण उघड आहे. भारताच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात होते आणि त्याची किंमत डॉलरमध्ये चुकवावी लागते, त्यामुळे रुपया घसरला तरीही तेल महाग पडते. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत लागते, वितरकाचे कमिशन लागते आणि राज्याचा मूल्यवर्धित कर मुख्यतः टक्केवारीत लागतो. कर टक्केवारीत असल्याने मूळ किंमत वाढली की कराची रक्कमही आपोआप वाढते. पेट्रोल व डिझेल अजून वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्यात दर वेगळा असतो. सोलापूरला हे विशेष जाणवते, कारण विजापूर रस्त्याने भीमा ओलांडली की कर्नाटक लागते. पलीकडे दर कमी असेल तेव्हा मुद्दाम तिकडे जाऊन टाकी भरण्याचा मोह काहींना होतो. मात्र लिटरमागे २ रुपये वाचले असे धरले तरी ३५ लिटरच्या टाकीमागे ७० रुपयेच वाचतात, आणि जाण्या-येण्याच्या साठ-सत्तर किलोमीटरना १५ च्या ॲव्हरेजने चार-साडेचार लिटर, म्हणजे चारशे रुपयांहून अधिक खर्च होतो. विजापूरला किंवा गाणगापूरला जाणे असेलच, तर वाटेत भरावे.

कपात कोठे करावी

घरात दोन-तीन वाहने असतील तर काटकसरीची सुरुवात कमी ॲव्हरेजच्या वाहनापासून करावी. १०० किलोमीटरना किती लिटर लागतात, असा प्रश्न विचारला की याचे कारण स्पष्ट होते. स्कूटरचे ॲव्हरेज ४५ वरून ५० वर नेले तर १०० किलोमीटरमागे जेमतेम पाव लिटर वाचते. कारचे १२ वरून १५ वर नेले तर जवळजवळ पावणेदोन लिटर वाचते. उदाहरणातील कुटुंबाला लिटरमागे ५ रुपयांची वाढ पूर्णपणे भरून काढायची असेल, तर महिन्याला सुमारे २.२ लिटर वाचवावे लागतील, म्हणजे कार फक्त ३२-३३ किलोमीटर कमी चालवावी लागेल. जुळे सोलापुरातून नवी पेठ, मार्केट यार्ड आणि दवाखाना अशी तीन स्वतंत्र दिवशी होणारी कामे एका फेरीत आणली, तर महिन्याभरात एवढे किलोमीटर सहज वाचतात. नवी पेठेत कार उभी करायला जागा शोधत फिरण्यात जाणारे पेट्रोल वेगळेच. तेथे स्कूटरनेच जावे.

लहान अंतरांकडे विशेष लक्ष द्यावे. इंजिन थंड असताना पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये कार सर्वात जास्त इंधन पिते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत कार काढणे किलोमीटरच्या मानाने फार महाग पडते. शाळेत सोडण्यासाठी एकाच सोसायटीतील दोन-तीन पालकांनी आळीपाळीने गाडी काढली तर प्रत्येकाच्या फेऱ्या निम्म्या किंवा त्याहून कमी होतात.

चालवण्याच्या पद्धतीत सर्वात जास्त इंधन जाते ते अनावश्यक वेग घेऊन लगेच ब्रेक लावण्यात, हाफ क्लचवर गाडी ओढण्यात आणि इंजिन चालू ठेवून उभे राहण्यात. उभ्या कारचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते आणि एसी चालू असेल तर त्याहून अधिक. शाळेच्या दारात मूल बाहेर येईपर्यंत रोज दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले, तर महिन्याला दोन ते चार लिटर केवळ उभे राहण्यात जातात. वर सांगितलेली ५ रुपयांची सगळी वाढ येथेच वसूल होऊ शकते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे गेला असताना एसी बंद ठेवा असे सांगणे अव्यवहार्य आहे, आणि घरात म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतील तर ते योग्यही नाही. एसीवरचा भार मात्र कमी करता येतो. गाडी सावलीत उभी करावी, समोरच्या काचेला आतून परावर्तक पडदा लावावा, निघण्यापूर्वी सर्व दारे मिनिटभर उघडी ठेवून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, आणि थोडे थंड झाल्यावर आतलीच हवा फिरवण्याचे बटण लावावे. शहरातील संथ रस्त्यांवर काचा उघडून जाता येते. महामार्गावर मात्र उघड्या काचांमुळे हवेचा विरोध वाढतो, तेव्हा तेथे काचा बंद करून एसी लावणेच सोयीचे.

टायरमधील हवा दर पंधरवड्याला, सकाळी टायर थंड असताना तपासावी. किती हवा हवी, ते चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील पट्टीवर लिहिलेले असते. दुचाकीत ते चेन-गार्डवर किंवा माहितीपुस्तिकेत सापडते. आपल्याकडील धुळीमुळे एअर फिल्टर लवकर भरतो, म्हणून तो सर्व्हिसिंगच्या ठरलेल्या अंतराआधीच एकदा उघडून पाहावा. मोटारसायकल मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवावे. ते मोकळेपणाने फिरत नसेल तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन फार ताणलेली आहे, आणि दोन्हींची दुरुस्ती थोड्या पैशांत होते.

गेल्या काही वर्षांत ॲव्हरेज थोडे घटल्याचे जाणवत असेल तर त्याचा दोष सर्वस्वी गाडीला देऊ नये. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि एका लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, जुन्या रचनेच्या चारचाकींचे ॲव्हरेज या मिश्रणाने ६ ते ७ टक्के, दुचाकींचे ३ ते ४ टक्के, आणि २० टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींचे १ ते २ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखानदारीला आणि ऊस उत्पादकांना इथेनॉलचा आधार मिळतो हे खरेच आहे; तरी घराच्या हिशेबात ही घट धरलीच पाहिजे. १०५ रुपये दराला ॲव्हरेज ६ टक्क्यांनी घटणे म्हणजे दर सुमारे पावणेसात रुपयांनी वाढण्यासारखेच आहे.

बाहेरगावचा प्रवास

पुण्याला कारने जाऊन येणे म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर. महामार्गावर १८ चे ॲव्हरेज धरले तर पावणेअठ्ठावीस लिटर, म्हणजे सुमारे २,९२० रुपयांचे पेट्रोल, शिवाय टोल. चौघे जात असतील तर पेट्रोल माणशी ७३० रुपये पडते आणि सामानाची सोय पाहता कार परवडते. एकटा माणूस जात असेल तर हुतात्मा एक्सप्रेस, फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत किंवा एसटी यांचे भाडे या रकमेशी ताडून पाहावे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धेच आहे आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. त्यामुळे आजी-आजोबा आणि सून असे तिघे तुळजापूरला किंवा अक्कलकोटला दर्शनाला जाणार असतील, तर एसटीचा खर्च कारच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी येतो. तुळजापूरची जाऊन-येऊन सुमारे ९० किलोमीटरची फेरी कारला १५ च्या ॲव्हरेजने सहा लिटर, म्हणजे ६३० रुपयांना पडते.

कारनेच जायचे ठरले तर वेगावर ताबा ठेवावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० च्या वेगाला तो ताशी ८० च्या तुलनेत दीडपटीहून अधिक असतो. पुण्यापर्यंतच्या २५० किलोमीटरना १०० ऐवजी ८० ने गेल्यास सुमारे ३७ मिनिटे जास्त लागतात, आणि पेट्रोलबरोबर जिवाची जोखीमही कमी होते. महामार्गावर नेहमी जाणाऱ्यांनी फास्टॅगच्या वार्षिक पासाचा विचार करावा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० टोल-फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत, खासगी कारला राष्ट्रीय महामार्गांवर मिळत होत्या. पुण्याला महिन्यातून एकदा जाणाऱ्याला तो परवडतो. वर्षातून दोनदा जाणाऱ्याला नाही.

पंपावर

सकाळी लवकर भरल्याने जास्त पेट्रोल मिळते असा समज आहे. टाक्या जमिनीखाली असल्याने त्यातील तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही, तेव्हा त्यासाठी झोपमोड करू नये. मीटर शून्यावर आहे याची खात्री करून घ्यावी. मापाविषयी शंका आली तर पंपावरील प्रमाणित पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवण्याची मागणी करण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि ती संकोच न करता करावी.

सीएनजी किंवा विजेची गाडी घ्यावी का

दर वाढले की हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो, आणि त्याचे उत्तर गाडी किती किलोमीटर चालते यावरच अवलंबून असते. गाडीच्या किमतीतील फरकाला किलोमीटरमागे होणाऱ्या बचतीने भागावे. समजा, सीएनजीची कार पेट्रोलच्या कारपेक्षा ९५,००० रुपयांनी महाग आहे, सीएनजी ९० रुपये किलो आहे आणि गाडी किलोला २४ किलोमीटर जाते; तर किलोमीटरचा खर्च ३ रुपये ७५ पैसे येतो. पेट्रोलला १५ च्या ॲव्हरेजने ७ रुपये येतो, म्हणजे बचत ३ रुपये २५ पैसे, आणि जास्तीचे पैसे वसूल व्हायला सुमारे २९,००० किलोमीटर लागतात. महिन्याला ४५० किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी साडेपाच वर्षे लागतील. महिन्याला २,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे सव्वा वर्षात सुटतील.

विजेच्या स्कूटरचा हिशेब रोज ठरावीक अंतर जाणाऱ्यांसाठी अधिक आशादायक आहे. चार्जिंगमधील घट धरून १०० किलोमीटरना साडेतीन युनिट लागतात असे मानले आणि युनिट १२ रुपये धरले, तर किलोमीटरला ४२ पैसे पडतात. पेट्रोलच्या स्कूटरला ४० च्या ॲव्हरेजने २ रुपये ६२ पैसे पडतात. येथे एक काळजी घ्यावी. महावितरणचा घरगुती दर युनिटच्या टप्प्यांनुसार वाढतो, म्हणून बिलावरचा सरासरी दर न धरता आपल्या वापराचा जो सर्वात वरचा टप्पा आहे त्याचा दर या हिशेबात घालावा, आणि स्कूटरच्या युनिटांमुळे पुढचा टप्पा ओलांडला जात असेल तर त्या टप्प्याचा. उन्हाळ्यात कूलर आणि पंखे दिवसभर चालतात, तेव्हा एप्रिल-मेचे बिल समोर ठेवूनच हा हिशेब करावा. आणि बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची आहे, तसेच हमी संपल्यावर नव्या बॅटरीची किंमत काय पडेल, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.